वाणाची डबी

गुरुवारी सकाळी तृप्ती शेलारच्या टॅबवर लाल ठिपका उमटला, तेव्हा ती एका बाळंतिणीच्या सासूला पटवत होती की आई पाणी प्यायली म्हणून बाळाला सर्दी होत नाही. सासूला ते पटत नव्हतं. तृप्ती चौदा वर्षं उंबरघेऱ्याची आशाताई होती आणि न पटणाऱ्या सासवा हा तिच्या कामाचा निम्मा भाग होता. तिने सवयीने टॅबकडे नजर टाकली आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

डबी क्रमांक सत्तावीस. पायरी चौथी.

"काय झालं गं?" सासूने विचारलं.

"काही नाही, केंद्रातून निरोप आलाय," असं म्हणून तृप्तीने चपला अडकवल्या. तीन आठवडे रोज हिरवे ठिपके बघायची तिला इतकी सवय झाली होती की लाल ठिपकाही असतो, हे ती जवळजवळ विसरली होती.

ही डबी दिसायला कुंकवाच्या करंड्याएवढी. झाकण उघडलं की आत एक मऊ कुंचला. बाईने तो आपल्या हाताने, आपल्याच मोरीत, दाराला कडी लावून वापरायचा, नमुना लागलेला तसाच परत डबीत ठेवायचा आणि झाकण घट्ट फिरवायचं. कुठे टेबलावर झोपणं नाही, परक्या माणसासमोर संकोचणं नाही. पुढचं सगळं काम डबीचं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग काही एका दिवसात उगवत नाही. एक विषाणू तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि त्याच्या संगतीत तिथल्या पेशी हळूहळू बिघडतात. बिघडताना त्या स्वतःच्याच जनुकांवर बारीक रासायनिक खुणा करत जातात, वहीतल्या ओळी खोडत जाव्यात तशा. कोणत्या ओळी खोडल्या गेल्या यावरून पेशी किती वाट चुकलीय ते कळतं. डबीच्या तळाशी जो कागद होता, त्यात या खुणा ओळखणारी विकरं भरलेली होती. दोन तासांत डबी पायरी ठरवायची आणि तृप्तीच्या टॅबवर कळवायची. पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे हिरवा ठिपका. तिसरी म्हणजे पिवळा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. चौथी म्हणजे रोग सुरू झालाय, पण जागा सोडून अजून कुठे गेलेला नाही. लगेच शस्त्रक्रिया केली तर बाई पूर्ण बरी होते. पाचव्या पायरीबद्दल प्रशिक्षणात कुणी फारसं बोललं नव्हतं.

निकाल पाठवला की डबी आतला नमुना स्वतःच जाळून टाकायची. बायकांचे नमुने परस्पर भलत्याच कामाला वापरल्याचं एक प्रकरण झालं होतं, तेव्हापासून कायदाच तसा होता. मागे राहायचा फक्त निकाल आणि डबीचा नंबर. नंबरापुढे बाईचं नाव लिहिणं हे आशाताईचं काम.

सत्तावीसपुढे नाव होतं श्रावणी. वय सव्वीस, लग्नाला सात महिने.

तृप्तीने टॅबवरची तारीख पाहिली. आज गुरुवार. सोमवारी फिरतं शस्त्रक्रिया पथक जलाशयापलीकडच्या आरोग्य केंद्रात येणार होतं. त्यांना नावं रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती. त्यानंतर पथक थेट मे महिन्यात. चौथी पायरी मेपर्यंत थांबत नाही, एवढं तिला प्रशिक्षणात नीट सांगितलेलं होतं.

*

श्रावणीला तिने दुसरी डबी दिली. पहिला निकाल नीट आला नाही, एवढंच सांगितलं. शिल्लक सहा डब्या तिच्या कपाटात होत्या, त्यातली ही एक. श्रावणीने कुरकुर केली नाही, पण घेताना तिने सासूकडे बघितलं आणि सासूने भिंतीकडे.

"पहिल्या डबीतला नमुना तुझाच होता ना?" तृप्तीने विचारलं.

"हो तर," श्रावणी म्हणाली. जरा जास्तच चटकन म्हणाली.

दोन तासांनी ठिपका हिरवा आला. पहिली पायरी, अगदी निर्मळ. तृप्तीने डॉक्टर निखत मुजावरना फोन लावला. डॉक्टरबाई आरोग्य केंद्रात सहा वर्षं होत्या. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की समोरच्याला वही काढावीशी वाटायची.

"थांबा, पहिल्या निकालाचा तपशील उघडते," डॉक्टर म्हणाल्या. तो वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तृप्तीताई, पेशी म्हाताऱ्या होतात तशा जनुकांवरच्या काही खुणा घड्याळासारख्या बदलत जातात. डबी तेही मोजते. सत्तावीस नंबरच्या पेशींचं वय आलंय त्रेपन्न. दोन वर्षं इकडेतिकडे धरा. आजच्या डबीचं आलंय पंचवीस."

"म्हणजे?"

"म्हणजे एक तर यंत्र चुकलं, नाहीतर ती पहिली डबी श्रावणीने वापरलीच नाही. यंत्र चुकलं असं लिहून मी प्रकरण बंद करू शकते. तशी सोय आहे. काय करू?"

तृप्ती अंगणात उभी होती. समोर तिच्या घराला लागूनच तिच्या मोठ्या जावेचं, सारिकाआक्काचं घर होतं. दोन्ही घरांची मागची भिंत एकच. आक्का अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. तृप्तीला फोनवर बघून तिने हातानेच विचारलं, चहा ठेवू का? तृप्तीने मान हलवून नको म्हटलं.

"उद्या सांगते, मॅडम," ती फोनवर म्हणाली.

खरं तर सांगायला उद्याची गरज नव्हती. काय झालं असणार ते तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि ते कळल्यामुळेच तिला उद्यापर्यंतचा वेळ हवा होता.

*

गोष्ट अशी होती. डब्या डिसेंबरात आल्या, तेव्हा गावातली एकही बाई हात लावायला तयार नव्हती. "मला काय झालंय?" हे एकच उत्तर. तृप्ती दारोदार फिरून थकली. मग तिला युक्ती सुचली, आणि तिचा तिला फार अभिमान वाटला. संक्रांतीला तिने आपल्या घरी हळदी-कुंकू ठेवलं आणि वाण म्हणून डबी दिली. वाण नाकारायचं धाडस कोण करणार? बासष्ट बायका आल्या. तिळगूळ घेतला, कुंकू लावून घेतलं, तृप्तीचं भाषण ऐकलं आणि पदराखाली डबी घेऊन घरी गेल्या. महिनाअखेरीपर्यंत उंबरघेऱ्याच्या नावापुढे वाटपाचे शंभर टक्के लागले. तालुक्याच्या ठिकाणी तृप्तीला शाल-श्रीफळ मिळालं.

आता वाण ही चीज कशी असते ते बायकांना वेगळं सांगायला नको. आपल्याला नको असलेला साबणाचा डबा, गाळणी, प्लॅस्टिकची वाटी आपण ठेवून देतो आणि रथसप्तमीच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत घालतो. एकच गाळणी तीन घरं फिरून मूळ मालकिणीकडे परत आल्याची उदाहरणं उंबरघेऱ्यात होती आणि त्यावर बायका पोट धरून हसायच्या. तृप्ती स्वतः त्या हसण्यात असायची. तरीही डबी वाण म्हणून दिली, की तिचंही वाणच होणार, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी श्रावणी जलाशयाच्या धक्क्यावर कपडे धूत होती. सासू जवळपास नाही हे बघून तृप्ती तिच्याशेजारी बसली.

"मी रागावणार नाही. कुणाला दिलीस?"

श्रावणीने हातातली चादर दोनदा पिळली. "माझी पहिली संक्रांत होती ना, काकी. सासूबाई म्हणाल्या, तुझं पुण्यात कंपनीत सगळं तपासून झालंय, ही डबी कशाला वाया घालवतेस, पुढे दे. मी आमच्या हळदी-कुंकवाला पूनमकाकूंना दिली. गिरणीवाल्या."

"आणि माझ्याशी काल खोटं का बोललीस?"

"तुमचा सत्कार झाला होता," श्रावणी म्हणाली. "मला वाटलं, तुमचंच नाव खराब होईल."

तृप्तीला हसावं की रडावं कळेना. ती तशीच उठली, धक्क्याच्या टोकाला गेली आणि डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, यंत्र चुकलेलं नाही. मी चुकले." आणि तिने सगळं सांगितलं, गाळणीसकट.

डॉक्टर ऐकून घेत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आणि मग ते बाकीचे हिरवे ठिपके कुणाचे आहेत?"

हा प्रश्न तृप्तीने आदल्या दिवसापासून स्वतःला विचारायचं टाळलं होतं. बाकीच्या सगळ्या बायका आपण सुखरूप आहोत असं समजून निर्धास्त झाल्या होत्या, आणि त्यातल्या कितींनी डबी उघडलीही नव्हती, देव जाणे.

"ते नंतर," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचा अहवाल तुम्हीच लिहायचा, तुमच्या सहीने. नोकरीचं काय होईल ते मला सांगता येणार नाही. आधी ती बाई शोधा. रविवारी पाच वाजेपर्यंत मी एक जागा राखून ठेवते. पाच म्हणजे पाच. पथकाकडे नावाशिवाय आणि नावावरच्या निकालाशिवाय कुणालाही घेत नाहीत."

*

पूनमची पिठाची गिरणी गावाच्या मधोमध. ती स्वतः गिरणी चालवायची आणि तिच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असायच्या. तृप्ती गेली तेव्हा जोंधळे दळायला लागलेले होते.

"सत्तावीस नंबरची डबी," तृप्ती गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ओरडून म्हणाली. "श्रावणीने तुला दिली ती."

पूनमने गिरणी बंद केली नाही. "दिली असेल. माझी माझ्याकडं होतीच. दुसरीचं मी काय लोणचं घालू?"

"पुढे कुणाला दिलीस?"

"आता कुणाला दिली कुणाला ठाऊक. इथं दिवसाला पन्नास बाया येतात."

"पूनम, ती बाई आजारी आहे. सोमवारी गेली तर बरी होईल. नंतर गेली तर सांगता येत नाही."

पूनमचा हात धान्य ओतायच्या चाड्यावर थांबला. तिने तृप्तीकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "आठवलं तर सांगते," ती म्हणाली आणि पिठाची पिशवी लावायला खाली वाकली. ती बराच वेळ वर आलीच नाही.

तृप्तीने गावातल्या बायकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. ज्यांनी दुसरीची डबी वापरली त्यांनी मला एकटीने येऊन भेटावं, कुणालाही कळणार नाही. संध्याकाळपर्यंत निरोपाखाली एकतीस हात जोडलेले आणि चार गुलाबाची फुलं जमली. भेटायला कुणीही आलं नाही.

मग तिने डोकं चालवलं. वय पन्नास ते पंचावन्न. हळदी-कुंकवाची बासष्ट नावांची यादी काढून तिने त्या वयाच्या बायका वेगळ्या केल्या. चार निघाल्या. डब्या पाच उरल्या होत्या. शनिवारी सकाळी ती वरच्या आळीत दोघींकडे गेली, दुपारी खालच्या आळीत दोघींकडे. एकीने नवऱ्याच्या भीतीने नाही म्हटलं, तिच्या नवऱ्याशी तृप्ती तासभर भांडली. एकीला देवाची शपथ घालावी लागली. दर वेळी दोन तास वाट बघायची, टॅब मांडीवर घेऊन, दुसऱ्याच्या ओसरीवर. दर वेळी लाल यावा असं वाटायचं आणि तसं वाटल्याची लाज वाटायची, कारण समोर बसलेली बाई चहा घेऊन आलेली असायची.

चारही हिरवे आले.

रविवारी सकाळी तिने यादी पुन्हा पाहिली. मग आणखी एकदा पाहिली. कुणी वय कमी सांगितलं असेल का? अठ्ठेचाळीसच्या दोघी होत्या, अठ्ठावन्नची एक. डबी मात्र एकच शिल्लक होती, आणि ती चुकीच्या बाईवर गेली की सगळं संपलं. ती पुन्हा गिरणीकडे गेली, तर गिरणीला कुलूप. पूनम माहेरी गेली म्हणे. फोन लागत नव्हता. दुपारचा एक वाजला तरी तृप्ती गल्लीतून गल्लीत हिंडत होती. आता नुसती बायकांच्या तोंडाकडे बघत होती, जणू तोंडावर लिहिलेलं असणार होतं.

"तृप्ता," आक्काने दारातून हाक मारली. "दोन दिस झालं, तुज्या घरातनं धूर न्हाई निगालेला. ये, चार घास खा."

*

आक्काचं घर तृप्तीला आपल्या घराइतकंच पाठ होतं. अठरा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा आक्कानेच तिला चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं शिकवलं. आशाताईच्या परीक्षेला बसताना तृप्तीचं पोर आक्काच्या मांडीवर होतं. नऊ वर्षांपूर्वी भाऊजी वारले, आक्काची लेक लग्न होऊन साताऱ्याला गेली. तेव्हापासून आक्का एकटीच राहायची आणि दोन्ही घरांचं मिळून करायची.

आक्काने तवा उतरवला आणि आमटीला फोडणी द्यायला कढई ठेवली. तेल तापलं. तिने फळीवरून एक लहान गोल डबी काढली, झाकण फिरवलं आणि चिमूटभर मेथ्या तेलात टाकल्या.

तृप्तीने घास परत ताटात ठेवला.

"आक्का, ती डबी."

आक्काने कढईवर झाकण ठेवलं. डबी तृप्तीपुढे जमिनीवर ठेवली. तृप्तीने ती उलटी केली. तळाशी बारीक अक्षरांत सत्तावीस.

"घावली का," आक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वरच्या आळीला जाऊन आलीस, खालच्या आळीला जाऊन आलीस. मी हितं बसून मोजत हुते. मधी माजं दार लागतं, म्हटलं, हितं कदी यील."

"तुला कळलं होतं मी कशासाठी फिरतेय?"

"गावाला कळलं, मला न्हाई कळायचं व्हय? पूनमला मीच शपथ घातली हुती. दळण द्यायला गेले तवा तिच्याजवळ जास्तीची हाय म्हनाली, मी मागून घेतली. नवरा नसलेल्या बाईला वाण दिलं म्हणून उद्या तिला कुनी बोलाया नको."

"रक्त जातंय?"

"दिवाळीपासनं. थोडं थोडं."

दिवाळीपासून म्हणजे तीन महिने. तीन महिने ही बाई भिंतीपलीकडे होती, आणि भिंतीअलीकडे आशाताई राहत होती. "मला का नाही सांगितलंस?"

आक्काने चूल सारखी केली. "सांगनार हुते. संक्रांतीला तू बाहेर समद्यांना सांगत हुतीस, पाळी गेल्यावर डाग दिसला तर अंगावर काढू नगा. मी आत लाडू वळत हुते. साठ-सत्तर बायांचं लाडू, हात भरून आलं हुतं. समदं ऐकलं. म्हटलं, झालं की एक डबी मला दील. मग तू आत आलीस, ताट घ्यायला. मी इचारलं, मला एक? तू म्हनालीस, उरली तर ठेवते, आक्का. आन् मी मागच्या दारानं घरी आले. बाया पुढच्या दारानं येत हुत्या."

तृप्तीला ते आठवलं. खरंच तसं म्हटलं होतं. घाईत म्हटलं होतं, आणि ताट घेऊन बाहेर गेल्यावर विसरली होती. उरल्या तर होत्याच. सहा उरल्या होत्या, कपाटात कुलपात, खराब निघाल्या तर असाव्यात म्हणून. इतकंच नाही. गेले दोन दिवस ती पन्नास ते पंचावन्न वयाची बाई शोधत होती, पण शोधत होती ती हळदी-कुंकवाच्या यादीत. त्रेपन्न वर्षांची बाई भिंतीला भिंत लावून राहत होती, आणि तिचं नाव यादीत नव्हतं म्हणून ती तृप्तीला दिसली नव्हती.

"आक्का, मी चुकले," ती म्हणाली.

"जेव आधी."

"जेवायला वेळ नाही. पाच वाजेपर्यंत नाव द्यायचंय. त्यासाठी तुझ्या नावावर निकाल हवा." तिने पिशवीतून शेवटची डबी काढली. "ही घे. आत्ताच्या आत्ता."

आक्काने डबीला हात लावला नाही.

"वाण असंच देत्यात व्हय?"

तृप्तीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती उठली, मागच्या दाराने आपल्या घरात गेली, देवघरातून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन परत आली आणि आक्कासमोर गुडघ्यावर बसली. आक्का पाटावर पाठ ताठ करून बसली होती. नऊ वर्षांत त्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं. तृप्तीने करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, हात उचलला, आणि आक्काच्या कपाळापाशी आल्यावर तो थांबला. अगदी पळभरच.

आक्का बघत होती. "थांबला बग."

"थांबला," तृप्ती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

मग तिने हळद लावली, कुंकू लावलं. दोन्ही नीट, घाई न करता. डबी आक्काच्या पदरात घातली. आक्का उठली, मोरीत गेली आणि आतून कडी लावली.

*

अडीच वाजता डबीचं झाकण फिरलं. साडेचारला निकाल येणार होता. दोघी ओसरीवर बसल्या. आमटी थंड झाली.

तृप्तीला आता लाल ठिपक्याची भीती नव्हती. तो येणारच होता. भीती आकड्याची होती. सत्तावीस नंबरची डबी आक्काने कधी वापरली? गुरुवारी पहाटे, असं ती म्हणाली. म्हणजे चारच दिवस. चार दिवसांत पायरी बदलत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण चौथीच्या अगदी काठावर असेल तर? पाचवी आली तर पथक घेणार नाही, मग मोठ्या शहरातलं मोठं रुग्णालय, मोठे उपचार, आणि मग पुढचं कुणीच काही सांगत नाही.

"ते जनुकावर खुना करतं म्हनालीस तू," आक्का मध्येच म्हणाली. "त्या खुना पुसता येत न्हाईत?"

"अजून नाही. त्या पेशीच काढून टाकायच्या."

"बरं," आक्का म्हणाली. मग म्हणाली, "लेकीला सांगू नगस, तिचे दिस भरत आलेत."

"तिला सांगणार. तिलाही डबी द्यायची आहे, बाळंत झाल्यावर."

चार वाजून पंचवीस. चार वाजून तीस. टॅबवर काही नाही. चार चौतीसला रेंज गेली. जलाशयावर वारा सुटला की जायची ती. तृप्ती टॅब घेऊन उठली, अंगणात गेली, अंगणातून बांधावर, बांधावरून वरच्या खडकावर. तिथे एक दांडी आली. ठिपका उमटला. लाल. तिने डोळे बारीक करून आकडा वाचला, मग सूर्याकडे पाठ करून पुन्हा वाचला.

पायरी चौथी. पेशींचं वय त्रेपन्न.

तिने खडकावरूनच फोन लावला. चार वाजून चाळीस मिनिटं.

"नाव सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

"सारिका शेलार. त्रेपन्न वर्षं. माझी जाऊ आहे."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "नोंदवलं. उद्या पहिल्या लाँचने आणा, काही खायला देऊ नका." मग त्यांनी विचारलं, "या तुमच्या यादीत कशा नव्हत्या?"

"यादी हळदी-कुंकवाची होती, मॅडम."

डॉक्टरांनी विचारलं, "गावात अशा किती जणी आहेत, यादीत नसलेल्या?"

तृप्तीने कधी मोजल्या नव्हत्या. आता बोटांवर मोजल्या. वरच्या आळीपासून सुरुवात केली, एकेक दार, दारातली एकेक बाई. "एकोणीस."

"आणि तुम्ही शंभर टक्के लिहिलंत."

"हो."

"बासष्ट आणि एकोणीस, एक्क्याऐंशी डब्या मी मागवते," डॉक्टर म्हणाल्या. "अहवाल उद्या माझ्या टेबलावर हवा. आणि या वेळी वाटायला तुमच्याबरोबर मी येणार."

*

सोमवारी सकाळी धक्क्यावर नेहमीची गर्दी होती. बाजाराला जाणाऱ्या बायका, दुधाचे कॅन, कॉलेजची मुलं. आक्का धुवट पातळ नेसून, हातात पिशवी घेऊन आली, आणि धक्क्यावरचं बोलणं एकाएकी थांबलं. तिच्या कपाळावर कुंकू होतं. कालचं पुसट झालं होतं, म्हणून तृप्तीने सकाळी पुन्हा लावलं होतं. या वेळी हात थांबला नव्हता.

बायका बघत राहिल्या. एकदोघींनी एकमेकींकडे बघितलं. श्रावणीची सासू पाण्याकडे बघू लागली. पूनम माहेराहून परत आली होती आणि गर्दीच्या मागे उभी होती, भुवया आज काळ्या. तिने पुढे होऊन आक्काची पिशवी घेतली आणि लाँचमध्ये नेऊन ठेवली.

तृप्तीच्या पिशवीत चार पानी अहवाल होता, तिच्या सहीचा. शेवटच्या पानावर एकोणीस नावं होती. पहिलं नाव आक्काचं.

लाँच सुटली. जलाशयाच्या मधोमध वारा वाढला आणि पाण्याचे तुषार काठावर बसलेल्यांच्या अंगावर यायला लागले. आक्काचं तोंड भिजलं. तिने पदराचं टोक घेतलं, गाल पुसले, हनुवटी पुसली, डोळे पुसले, आणि कपाळ तेवढं सोडून दिलं.